मागं घेतंय त्यो डायवर

माझी चूक एका कागदाची आहे. त्या कागदावर मला फक्त सही करायची होती. मी ती केली नाही, आणि बायकोला सांगितलं की नियम बदललाय. पुढे तिच्या वडिलांना त्याहून मोठं खोटं सांगितलं, चारचौघांत, चहा पिता पिता. बारा वर्षं झाली त्याला. या काळात मी कुणाला लुबाडलं नाही, दारू प्यालो नाही, घरात हात उगारला नाही. त्यामुळे मला ओळखणारी माणसं मला सरळ माणूस समजतात. कुणी तसं म्हणालं की मला तो कागद आठवतो.

आम्ही दोघं बेळगाव भागातले. माझं गाव बेळगुंदी. तिचं खानापूरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेलं एक खेडं. माझे आप्पा सरकारी बसवर कंडक्टर होते आणि तिचे वडील लाकडाच्या लॉरीवर ड्रायव्हर. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी एकच चेष्टा केली, ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी जमली, आता बस तेवढी घ्या म्हणजे झालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, आमच्याकडे तशीच रीत. मामांना मुलगा होता, पण गाडीचं वेड मुलीत उतरलं होतं. ती शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर खानापूरच्या सॉ मिलवर जायची. लाकूड उतरवून झालं की तिथल्या लाल मातीच्या पटांगणात ते तिला स्टेअरिंगवर बसवत. पुढे फार जाऊ देत नसत, मागे घ्यायला लावत. एका बाजूला ओंडक्यांची रास, दुसऱ्या बाजूला भुशाचा ढीग, आणि मधून लॉरी मागे घ्यायची. त्यांचं एक वाक्य होतं, ते मी लग्नाच्या मांडवापासून ऐकत आलो. "गाडी पुढं कोनबी न्हेतंय. मागं घेतंय त्यो डायवर." अठरा वर्षं पूर्ण झाली तसं त्यांनी तिला बेळगावला नेऊन मोटारीचं लायसन काढून दिलं आणि त्याची झेरॉक्स स्वतःच्या खिशात ठेवली. सॉ मिलवर कुणी नवा माणूस आला की ती झेरॉक्स बाहेर निघायची.

मी मात्र गाडी शिकलो ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीवर, टिळकवाडीच्या मोकळ्या रस्त्यांवरून पहाटे पहाटे. लायसन मिळालं, पण बाजारपेठेत गाडी घालायची वेळ कधी आली नाही. आमच्या घरात गाडी नव्हती. माझं सगळं बालपण आप्पांच्या बसमध्ये मागच्या दारापाशी उभं राहून गेलं. आप्पा पत्र्यावर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "रैट, रैट." की बस निघायची. थांबवायची असली की "होल्डान." हे इंग्रजी शब्द आहेत हे मला फार उशिरा कळलं. माझ्या कानाला रैट म्हणजे चल, सोड, जाऊ दे पुढे. या एका शब्दापायी पुढे काय काय झालं ते सांगतो.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी लागली. वर्षभराने ती आली. तिथे आपलं लायसन चालत नव्हतं. सगळं पहिल्यापासून शिकायचं, शिवाय उलटं. स्टेअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून. कंपनीत मला सांगितलं होतं, लायसन आलं तर साइटवर सुपरवायझर करू, नाहीतर गोदामातच राहावं लागेल. तिलाही कारण होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांची एक शाळा होती, तिथे मराठी-कन्नड दोन्ही येणारी बाई त्यांना हवी होती, कारण आपल्या भागातली बरीच मुलं होती. अट एकच. तिकडे बस जात नव्हती आणि टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून गाडी येणारी बाई पाहिजे.

आम्ही एकाच महिन्यात शिकायला लागलो. मला शिकवायला तिथलाच एक म्हातारा होता, हिंदी बोलायचा, बोलताना सारखा सुपारी चघळायचा. तिला शिकवायला बाई. आमच्याच इमारतीत निपाणीकडचं एक जैन कुटुंब होतं, त्या घरातल्या वहिनी आणि ही, दोघी एकाच गाडीत शिकायच्या. संध्याकाळी जिन्यावर दोघींचं कन्नडमध्ये हसणं ऐकू यायचं. मला कन्नड कळतं, पण त्या इतक्या भरभर बोलायच्या की मला फक्त क्लच आणि ब्रेक एवढंच समजायचं.

पहिली परीक्षा पिंपांची. रिकामी पिंपं उभी करून ठेवलेली असतात, त्यांना न लावता गाडी मागे घेऊन मध्ये उभी करायची. ती पहिल्याच खेपेला पास झाली. पोलीसबाईने तिला विचारलं म्हणे, आधी कुठे शिकलीस? हिने सांगितलं, जंगलात. मी पहिल्या वेळी दोन पिंपं पाडली, दुसऱ्या वेळी कसाबसा निघालो. त्या दिवशी तिने शिरा केला होता. वाढताना म्हणाली, "कंडक्टरच्या पोरानं तिकिटं फाडावीत. गाडीचं मी बघते."

मी हसलो. खरंच हसलो तेव्हा. हे मुद्दाम लिहितोय, कारण हेच वाक्य पुढे मला काट्यासारखं सलायला लागलं आणि तिने मात्र ते पुन्हा कधी म्हटलं नव्हतं.

मग रस्त्यावरची परीक्षा. शेजारी पोलीस बसतो. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. पहिल्या खेपेला एका मोठ्या चौकात गोल वळसा होता. मी ब्रेकवर पाय ठेवून थांबलो होतो. तो पोलीस समोर बघत म्हणाला, "रैट."

अगदी आप्पांसारखं. र वर तोच जोर, शेवटचा ट तसाच तोडलेला. माझा पाय ब्रेकवरून आपोआप उठला आणि गाडी सरळ पुढे गेली. त्याने हात वर केला, म्हणाला, "खलास." अरबीत त्याचा अर्थ संपलं एवढाच. आपल्याकडे काय होतो ते सांगायला नको.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ती हसून हसून जमिनीवर बसली. मग उठून माझा उजवा हात धरला. "रैट म्हंजे जेवायचा हात, अहो. एवढं ध्यानात ठेवा. आप्पा बाजूला ठेवा थोडे दिवस." दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तिने माझ्या उजव्या मनगटाला देव्हाऱ्यातला लाल दोरा बांधला. त्या वेळी मी दोऱ्याकडेच बघत राहिलो आणि सिग्नल चुकला. तिसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं. मी आरसा बघितला, वेग कमी केला, तो पोलीस समाधानाने मान हलवून म्हणाला, "राइट." बरोबर, असं त्याला म्हणायचं होतं. मी जेवायचा हात आठवला आणि गाडी उजवीकडे वळवून थेट पेट्रोल पंपात घातली.

हे आता लिहिताना मलाही हसू येतं. त्या दिवशी येत नव्हतं. कंपनीत माझ्या नंतर आलेल्या एका पोराला साइटवर पाठवलं होतं. मी घरी गेलो तर ती दारातच म्हणाली, "झालं का?" मी तिला ओलांडून आत गेलो. ती हसली नाही. तिने पाणी आणून दिलं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीवर बोलायला लागली. तिने चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. तिला माझी दया येतेय, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात तिच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली. तिची पिंपांची आणि चढावाची परीक्षा झाली होती, रस्त्याची तेवढी राहिली होती. ती माझ्या व्हिसावर होती, त्यामुळे मुदत वाढवायला नवऱ्याचं ना हरकत पत्र लागायचं. आधीच्या वेळी मी ते दिलं होतं. कंपनीच्या ऑफिसात एक माणूस असली पत्रं दोन भाषांत टाइप करून द्यायचा, खाली आपण सही करायची, वर तो शिक्का मारायचा. त्याने पत्र तयार करून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "सही करून दे, मी आज लायसनच्या ऑफिसकडे चाललोय."

मी म्हणालो, उद्या देतो.

उद्या म्हणायला काही कारण नव्हतं. पेन हातात होतं. वरच्या ओळीत तिचं नाव होतं, खाली लिहिलं होतं की माझ्या पत्नीने वाहन चालवण्यास माझी काहीही हरकत नाही. मी ते दोनदा वाचलं. माझ्या डोळ्यांसमोर आमची गाडी आली, जी अजून घेतलेली नव्हती. तिच्यात डावीकडे ती बसलेली, उजवीकडे मी. इमारतीखाली उभे असलेले आमच्या भागातले चार पुरुष बघतायत. एवढंच चित्र. मी पत्र खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस रजेवर होता, तिसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, आणि पुढच्या आठवड्यात मुदत संपून गेली.

तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ऑफिसात चौकशी केली. नियम बदललाय. नवऱ्याच्या व्हिसावरच्या बायकांना आता देत नाहीत."

"पर निपाणीच्या वहिनींना तर मिळालं."

"त्यांचं आधी झालं. आता बंद केलंय."

निपाणीच्या वहिनी तोवर दुसऱ्या शहरात राहायला गेल्या होत्या, पडताळून बघायला जवळ कुणी नव्हतं. आणि ती मला खोटं बोलणारा माणूस समजत नव्हती. तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "शाळेत कळवायला पाहिजे मग." तिने स्वतःच फोन केला. फोनवर ती तीनदा सॉरी म्हणाली. मी शेजारच्या खोलीत बूट काढत होतो.

पाचव्या खेपेला मी पास झालो. सेकंड हँड गाडी घेतली. तिथल्या गाडीत ती उजव्या बाजूला बसायची, म्हणजे आपल्या देशात जिथे स्टेअरिंग असतं तिथे. समोर नुसता डॅशबोर्ड, आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. मी ब्रेक उशिरा दाबला की तिचा उजवा पाय खाली चटईवर दाबला जायचा. अकरा वर्षं ती तिथे तशी बसली. दुपारभर घरात एकटी असायची. भाजी, किराणा, दवाखाना, सगळं मी कामावरून आल्यावर. तिचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा. तिने कधी तक्रार केली नाही. मामा दर रविवारी फोन करायचे आणि तब्येतीच्या आधी विचारायचे, "लायसन आलं का गं?" ती म्हणायची, "न्हाय आण्णा, नियमच न्हाय हितं आता." मग ते माझी चौकशी करायचे.

दोन वर्षांनी आम्ही सुट्टीवर आलो. बेळगुंदीला दोन दिवस राहून तिच्या माहेरी गेलो. मामांनी तेव्हा लॉरी सोडली होती, पण सॉ मिलवरची माणसं संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर येऊन बसायची. त्या दिवशीही चौघेजण होते. मला मधे बसवलं. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आता तोंडानं सांगा जावईबापू. फोनवर मला नीट कळत न्हाय. माझ्या पोरीला लायसन का देत न्हाईत?"

"नियम बदललाय मामा. बायकांना बंद केलंय."

त्यातला एकजण, करवतीवर काम करणारा, म्हणाला, "कुनी सांगितलं? माझी भाची तितंच हाय न्हवं. नवऱ्याबरोबर गेलीया. गेल्या म्हयन्यात मिळालं की तिला." त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. एक मुलगी गाडीच्या दाराला टेकून उभी, हातात लायसन. मोबाइल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. मामांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. निदान गप्प बसू शकलो असतो. मी म्हणालो, "तसं न्हाय मामा. मिळतंय. हिलाच जमलं न्हाय. दोन-तीनदा नापास झाली. तिला कमीपणा वाटू नये म्हणून मी नियमाचं सांगत होतो."

म्हणजे खोटं बोलून वर मी चांगला नवरा ठरलो. एकाने मानसुद्धा डोलावली.

मामांनी विचारलं, "नापास? कशात?"

"रिव्हर्समध्ये."

का तोच शब्द आला, मला आजही सांगता येत नाही. कदाचित तो एकच शब्द मामांना पुढचं काही विचारू देणार नाही, हे मला आतून माहीत होतं.

करवतीवाला मामांकडे बघून हसला. "घ्या. डायवरची पोर, आन् रिव्हर्सात गेली. काय रं, तू शिकीवलंस का भुशात घातलंस तिला?" बाकीचे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "तितलं स्टेरिंग डावीकडं असतंय. आरसा उलटा दिसत असंल." मग खिशातून जुन्या लायसनची झेरॉक्स काढली, घड्यांवर फाटत आलेली. नुसती बघितली, कुणाला न दाखवता परत ठेवली.

मी मान वळवली तर ती दारात उभी होती. हातात चहाचं ताट. तिने कधीपासून ऐकलं होतं ते कळत नव्हतं, पण रिव्हर्स नक्की ऐकलं होतं. मला वाटलं ती आता बोलेल. तिने वडिलांना चहा दिला, बाकीच्यांना दिला, शेवटी मला दिला आणि आत गेली. बापासमोर आणि चार लोकांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी त्याचा फायदा घेतला.

परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत ती एकच शब्द बोलली. "रिव्हर्स?"

"तोंडातनं गेलं," मी म्हणालो.

"बरं."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मामांनीही रविवारच्या फोनवर लायसनचं विचारणं बंद केलं. पुढे ते आधी तब्येतीचं विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मस्कत सोडून कायमचे आलो. टिळकवाडीत फ्लॅट घेतला, गाडी घेतली. स्टेअरिंग आता उजवीकडे आलं, ती डावीकडे बसायला लागली. म्हणजे तिथे जी ड्रायव्हरची बाजू होती, तिकडे. तिचं इथलं जुनं लायसन कधीच संपून गेलं होतं. मी म्हणालो, परत काढूया. ती म्हणाली, "कशाला? कुटं जायाचं असतंय मला?"

मामा आजारी पडले तेव्हा मी त्यांना खानापूरहून बेळगावला दवाखान्यात आणायचो. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. ते पुढे बसायचे, ती मागे. गाडीबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. एकदाच, परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं, आम्ही थांबलो होतो. रस्ता रिकामा होता. ते मला म्हणाले, "आता आपल्या गावात हाय न्हवं. स्टेरिंग बी सरळ हाय. हितं तरी तिला दे की गाडी घटकाभर. मी हाय शेजारी."

मी आरशात बघितलं. ती आरशात नाही, बाहेर बघत होती. म्हणाली, "नगं आण्णा. सवय मोडली माझी."

"सवय कशी मोडंल?" ते म्हणाले. पण फाटक उघडलं होतं, मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी गिअर टाकला. त्यांनी खालच्या आवाजात आणखी काहीतरी म्हटलं, ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. मी परत विचारलंही नाही. दोन महिन्यांत ते गेले.

गेल्या महिन्यात त्यांच्या वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. तिला कुठलासा जुना फोटो हवा होता म्हणून तिने मस्कतहून आणलेली कागदपत्रांची पिशवी काढली. त्यात ते पत्र होतं. नोकरी सोडताना टेबल रिकामं करत होतो तेव्हा मला ते खणात सापडलं होतं. फाडून टाकायला हात झाला नाही, म्हणून घडी घालून जुन्या पासपोर्टात ठेवलं होतं. मी जेवायला बसलो तेव्हा ते माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ वाढतात तिथे उघडून ठेवलेलं होतं. कंपनीचा शिक्का नाही, सहीची जागा कोरी.

मी म्हणालो, "सांगणार होतो."

"जेवा आधी."

मी जेवलो नाही. मी तिला सगळं सांगितलं. नियम बदललाच नव्हता. मी तीनदा नापास झालो होतो आणि तू पास होणार हे मला दिसत होतं. मला ते सहन झालं नाही. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला. तिने ताटातल्या भाकरीचे तुकडे केले, पण खाल्ले नाहीत.

"नियमाचं मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी कट्ट्यावर फोटो दावला न्हवं का त्यांनी. तवाच कळलं. सही केली न्हाईसा हेबी कळलं. घरात काय, मानूस मानसावर जळतंय. त्याचं मी कायतरी केलं असतं. पर रिव्हर्स कशाला म्हणालासा?"

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर केला.

"मला एकटीला म्हनून काय होतंय? माझ्यापाशी न्हाय घातली तुम्ही गाडी. आण्णा काय म्हनायचे? जितनं घुसवली तितनंच मागं घ्यायची. मधनं कुटनं वाट काढाय गेलं की घासतंय." मग उठून ताट उचलताना म्हणाली, "आण्णा तर ऱ्हायले न्हाईत. बाकीचे हाईत."

वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. मलप्रभेच्या पुलापर्यंत ती मामांचा फोटो मांडीवर धरून बसली होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात मला स्वतःसाठी पळवाट सापडत होती. मी तेव्हा तरुण होतो. परदेशात माणसाची फार ओढाताण होते. नोकरीचा प्रश्न होता. पुलावरून जाताना ही सगळी वाक्यं खरीच होती. गावात शिरलो तेव्हा त्यातलं एकही कामाचं नाही हे कळलं.

विधी आटपले. आत पानं मांडत होते आणि पुरुष कट्ट्यावर बसून होते. करवतीवाला होता, केस पूर्ण पांढरे झालेले, दोन बोटं नसलेला हात मांडीवर. त्या दिवशीच्या चौघांतला आणखी एक होता. दोघंजण गेले होते. माझा मेहुणा पाण्याची कळशी घेऊन फिरत होता. सासूबाई भिंतीशी टेकून बसल्या होत्या. भिंतीवर मामांचा फोटो, लॉरीशेजारी उभे असतानाचा, तोच तिने त्या पिशवीतून काढून मोठा करून आणला होता.

करवतीवालाच म्हणाला, "बसा जावईबापू. उभं का?"

"बसतो. आधी एक बोलायचं हाय." माझा आवाज इतका बारीक निघाला की मेहुणा कळशी खाली ठेवून जवळ आला. ती दारात आली होती. त्याच दारात, पण हातात काही नव्हतं.

मी म्हणालो, "बारा वर्सामागं मी हितंच बसून सांगितलं होतं की ही मस्कतात रिव्हर्समध्ये नापास झाली. ते खोटं हाय. रिव्हर्समध्ये ही पहिल्या झटक्यात पास झाली होती. चढावाचीबी झाली होती. नापास मी झालो. चारदा. हिच्या कागदावर माझी सही लागत होती, ती मी केली न्हाय, म्हणून हिला लायसन मिळालं न्हाय. मामांना मी खोटं सांगितलं आणि मामा ते खरं मानून गेले. तुम्ही सगळे हसला होतासा, त्यात तुमची चूक न्हाय. मी बोललो ते मी मागं घेतो."

मग मी दाराकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझं चुकलं. तुझ्याबाबतीत चुकलं आणि तुझ्या आण्णांच्या बाबतीत चुकलं. मला माफ कर."